व्हिएतनामचा ई-व्हिसा: अर्जात ह्यांचं नाव राहून गेलं, आता काय करू?

कृष्णाकाठ_मिरज
२७ जानेवारी २०२६, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी मिरजेची. एसटीत ३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी आरक्षणाच्या खिडकीवर. आता निवृत्त आहे. पहिल्यांदाच देशाबाहेर निघाले आहे. सोबत धाकटी बहीण आहे, ती बेळगावला असते. टूरवाले नाहीत, आम्ही दोघीच. ६ मार्चला रात्री मुंबईहून हनोई, तिथून दानांग, मग हो ची मिन्ह सिटी आणि १७ मार्चला संध्याकाळी तिथूनच परत. तिकिटं भाचीने काढून दिली. व्हिसाचा अर्ज मात्र मी स्वतः भरायचं ठरवलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं लिहिली, स्वतःचा अर्ज दुसऱ्याकडून कशाला भरून घ्यायचा, असं वाटलं.

अडचण अशी. माझ्या पासपोर्टवर सरनेमच्या जागी आडनाव आहे, आणि खाली गिव्हन नेममध्ये आधी माझं नाव आणि त्यापुढे ह्यांचं नाव आहे. आपल्याकडे बहुतेक बायकांचं असंच असतं. व्हिएतनामच्या अर्जात नावाचे दोन रकाने आहेत: एक आडनावाचा, दुसरा मिडल आणि गिव्हन नेम मिळून. मी तारखा आणि विमानाची माहिती बघायला तिकीट समोर ठेवलं होतं. तिकिटावर भाचीने फक्त माझं नाव आणि आडनाव घातलंय. त्यावरूनच मी टाइप करत गेले. ह्यांचं नाव राहिलं.

२५ डॉलर भरून झाले, नोंदणी क्रमांकाची ईमेल आली, मी निश्चिंत झोपले. रात्री अडीच वाजता जाग आली आणि एकदम लक्षात आलं. उठून पासपोर्ट काढून बघितला. खरंच राहिलं होतं. साइटवर बदल करायला काही सापडत नाही. स्टेटस नुसतं 'प्रक्रियेत आहे' एवढंच दाखवतं.

तर विचारायचं ते हे. असा व्हिसा आला तर चालेल का? नाही चालला तर दुरुस्ती होते का, की पुन्हा पैसे भरून नवा अर्ज करायचा? आणि तिकिटावर ह्यांचं नाव नाही, त्याचं काय?

बहिणीचा अर्ज अजून भरायचा आहे. तोही मीच भरणार, म्हणून आणखी काही चुकू शकत असेल तर आत्ताच सांगा. पैसे भरतानाच दोन संध्याकाळी गेल्या. माझं रुपे कार्ड त्या पानावर चाललं नाही. बहिणीचं मास्टरकार्ड होतं, तेही नाकारलं जात होतं. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद होते, ते चालू केल्यावर एका मिनिटात काम झालं. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डावर हे बंदच असतं, आपण स्वतः चालू करायचं, हे बँकेतल्या मुलाने समजावून सांगितलं. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिलं.

एवढी का घाबरले, तेही सांगते. मे २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, पेपरात बातमी आली होती की व्हिएतनाममध्ये मी सन नावाच्या ठिकाणी आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांना जुन्या मंदिराच्या कामात अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं, नवव्या शतकातलं. हे इतिहास शिकवायचे. त्यांनी ते कात्रण काढून डायरीत ठेवलं आणि म्हणाले, "सगळं सुरळीत झालं की हे बघायला जायचं." ते २०२२ मध्ये गेले. कात्रण माझ्याकडे आहे. ज्यांच्यासाठी ही सगळी वाट धरली त्यांचंच नाव माझ्या हातून अर्जात गळलं. पैशांपेक्षा त्याचं जास्त लागलंय.

ठाणे_पश्चिम_७४
२७ जानेवारी, रात्री ११:१५

ताई, अजिबात काळजी करू नका. मी दोन वेळा जाऊन आलोय. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि आडनाव बरोबर असेल तर मधल्या नावासाठी कुणी अडवत नाही. आमच्या ग्रुपमध्ये एकाच्या व्हिसावर वडिलांचं नाव नव्हतं, हनोईला शिक्का मारून सोडला. उगाच पुन्हा सव्वादोन हजार घालवू नका.

पर्वतीखाली
२८ जानेवारी, सकाळी ७:०५

ठाणेकर, तुमच्या मित्राला सोडलं हे खरं असेल, पण त्या भरवशावर ताईंना विमानतळावर पाठवू नका. अडवायचं असेल तर हनोईच्या आधी मुंबईतच अडवतात. चेक-इन काउंटरवर विमान कंपनीची माणसं व्हिसा आणि पासपोर्ट शेजारी ठेवून बघतात. प्रवाशाला तिथून परत पाठवलं तर त्याला माघारी आणायचं कंपनीच्या गळ्यात पडतं, म्हणून ती कडक असतात. तिथे हुज्जत घालून काही होत नाही. व्हिसा त्यांनी दिलेला नसतो आणि दुरुस्त करणं त्यांच्या हातात नसतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. २०२४ मध्ये आम्ही सहा जणी निघालो होतो. माझ्या पासपोर्ट क्रमांकात दोन आकडे उलटे टाइप झाले होते, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पाच जणींना बोर्डिंग पास मिळाले, मला नाही. त्या आत गेल्या आणि मी बॅग घेऊन पहाटे पुण्याची बस धरली. त्याच पासपोर्टवर नवा अर्ज केला, पुन्हा पैसे भरले, नवं तिकीट काढलं आणि पाच दिवसांनी त्यांना गाठलं. तोवर त्यांचं हा लाँग बे नावाचा प्रसिद्ध उपसागर बघून झालं होतं. तेव्हापासून माझ्याकडे कुणीही अर्ज दाखवायला आणला की मी पट्टी ठेवून एकेक अक्षर तपासते.

ताई, नाव कसं लिहायचं ते पासपोर्टच सांगतो. फोटोच्या पानाच्या तळाशी दोन लांब ओळी असतात, मध्ये मध्ये कोनासारख्या खुणा असलेल्या. पहिल्या ओळीत पी, पुढे आयएनडी, मग आडनाव, मग लागोपाठ दोन खुणा, मग तुमचं नाव, एक खूण आणि ह्यांचं नाव. दोन खुणांच्या आधीचं सगळं आडनावाच्या रकान्यात, नंतरचं सगळं दुसऱ्या रकान्यात, मध्ये मोकळी जागा सोडून. इमिग्रेशनचं यंत्र तीच ओळ वाचतं. आपण घरात काय म्हणतो, आधारवर काय आहे, लग्नाआधी काय होतं, यातलं काही तिथे कामाचं नाही.

आणखी एक. आपल्या पासपोर्टचा क्रमांक म्हणजे सुरुवातीला एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात आकडे. त्या सातांत ओ हे अक्षर कधीच नसतं, असतं ते शून्य. बहिणीचा अर्ज भरताना एवढं ध्यानात ठेवा.

भरलेले पैसे परत मिळत नाहीत, व्हिसा नाकारला तरी नाही. पण लगेच दुसरा अर्ज करू नका. तिथला माणूस तुम्ही चढवलेला पासपोर्टचा फोटो समोर ठेवूनच तपासतो. चूक त्याच्या नजरेला आली तर तो अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवतो, आणि मग त्याच क्रमांकावर बदल करता येतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. तीन-चार कामाचे दिवस बघा. चुकीच्याच नावाने व्हिसा आला तर मात्र नवा अर्ज करा आणि प्रवासात फक्त नवा कागद जवळ ठेवा.

तिकिटाचं वेगळं आहे. भाचीला विमान कंपनीला फोन करून विचारायला सांगा आणि जे उत्तर मिळेल ते ईमेलवर लेखी मागून घ्या.

कृष्णाकाठ_मिरज
२८ जानेवारी, सकाळी ९:३०

पर्वतीखाली ताई, फार फार आभार. दोन खुणांचं कुणीच सांगितलं नव्हतं. आत्ता भिंग घेऊन बघितलं, तुम्ही म्हणता तसंच आहे. ह्यांचं नाव त्या ओळीत आहे. ठाणेकर दादा, तुम्ही धीर दिलात त्याचंही बरं वाटलं, पण मी थांबून दुरुस्तच करून घेईन. बहीण म्हणते, "अक्का, तू रात्री झोप, मुंबईचं मुंबईत बघू." मला तसं जमत नाही.

हायफाँगहून
२८ जानेवारी, दुपारी १२:५०

नमस्कार काकू. मी मूळचा जयसिंगपूरचा, म्हणजे तुमचा शेजारीच. इथे व्हिएतनाममध्ये हायफाँगला एका कारखान्यात आहे, चौथं वर्ष चालू आहे. आमच्याकडे सुट्टीत येणाऱ्या नातेवाइकांचे अर्ज मीच बघतो. पर्वतीखाली यांनी नावाचं सगळं सांगितलंय, मी बाकीचं सांगतो.

आधी तारखांचं, कारण त्याला घाई आहे. यंदा टेट, म्हणजे इथलं नववर्ष, १७ फेब्रुवारीला आहे. आपली दिवाळी आणि गणपती एकत्र करा, इतका मोठा सण. आगेमागे आठवडाभर सरकारी कचेऱ्या बंद. साइटवर 'तीन कामाचे दिवस' लिहिलंय, त्यात शनिवार-रविवार नाहीत आणि टेटची सुट्टी तर नाहीच. तेव्हा बहिणीचा अर्ज या आठवड्यातच भरा. सणानंतर तुंबलेले अर्ज निघायलाही वेळ लागतो. ३० एप्रिल, १ मे आणि २ सप्टेंबरच्या सुट्ट्यांनाही असंच होतं, पुढे कुणी हे वाचत असेल त्यांच्यासाठी.

दुसरं, 'कधीपासून' या रकान्यात इथे उतरण्याची तारीख लिहायची. तुमचं विमान ६ तारखेला रात्री सुटतं, म्हणजे तुम्ही ७ मार्चला उतरणार. इथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे आहे. ७ तारीख लिहिली असेल तर बरोबर. उलट कुणी ८ लिहिली आणि ७ ला उतरला, तर तो दरवाज्यातच अडकतो.

'कधीपर्यंत'मध्ये लोक विनाकारण काटकसर करतात. ऑगस्ट २०२३ पासून हा व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो आणि फी तीच, दहा दिवस मागा की नव्वद. परतीचं विमान रद्द झालं, कुणी आजारी पडलं, तर हाताशी दिवस असलेले बरे. बहिणीच्या अर्जात निदान दोन-तीन आठवडे पुढची तारीख घाला.

प्रवेशाच्या जागी हनोईचा नोई बाई विमानतळ निवडा, बाहेर पडायच्या जागी हो ची मिन्हचा तान सन न्यात. मधल्या दानांगच्या विमानाचा याच्याशी संबंध नाही, ते देशातल्या देशात आहे. पत्ता पहिल्या हॉटेलचा दिला तरी पुरतो.

फोटोत चष्मा नको, मागे पांढरी भिंत. पासपोर्टच्या पानाचा फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर प्लास्टिकवर चमक येऊन नेमकी अक्षरं उडतात. खिडकीजवळ दिवसा काढा. खालच्या दोन्ही ओळी पूर्ण दिसायला हव्यात.

आणि साइट. तुम्ही बरोबर ठिकाणी भरलाय, कारण २५ डॉलर ही सरकारी फी आहे. पण गूगलवर शोधलं की वर जाहिरातीत हुबेहूब तशाच दिसणाऱ्या साइट येतात, नावात व्हिएतनाम आणि व्हिसा दोन्ही असतं, आणि पैसे दुप्पट-तिप्पट. माझ्याच आत्याने एकीवर ७० डॉलर भरले होते. व्हिसा आला, पण वरचे पैसे गेले ते गेलेच. पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट व्हीएन' असेल तरच पुढे जायचं. खरी साइट 'इव्हिसा डॉट जीओव्ही डॉट व्हीएन'.

काही एजंट अजून मान्यतेचं पत्र काढून देतात आणि इथे उतरल्यावर विमानतळावर शिक्क्याचे वेगळे डॉलर भरायला लावतात. ई-व्हिसा असेल तर उतरल्यावर एक पैसाही द्यायचा नसतो. सरळ इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायचं.

व्हिसाचा कागद आला की नाव उलटं दिसेल, आधी आडनाव आणि मग तुमचं. घाबरू नका. इथे सगळ्यांचीच नावं तशी लिहितात, घराण्याचं नाव आधी.

पर्वतीखाली
२८ जानेवारी, दुपारी १:२०

मुदतीचं फारच छान सांगितलंत. आम्ही सहाही जणींनी मोजून आठ दिवस मागितले होते.

कृष्णाकाठ_मिरज
२८ जानेवारी, रात्री ८:१५

जयसिंगपूरचे म्हणजे घरचेच की तुम्ही! उतरण्याची तारीख मी ७ लिहिलीय, मुदत मात्र १७ मार्चपर्यंतच मागितली. विमान संध्याकाळचं आहे, तेव्हा चालेल असं धरते. बहिणीचा अर्ज आज दुपारी भरला, ५ एप्रिलपर्यंत. तिचा पासपोर्टचा फोटो तीनदा काढला. तिसऱ्यांदा गच्चीच्या दारात सावलीला धरला तेव्हा दोन्ही ओळी स्वच्छ आल्या.

बहिणीच्या मनात एक आहे. एवढ्या लांब जातोच आहोत तर मध्येच दोन दिवस कंबोडियाला अंकोरवाट करून यायचं. त्याला हाच व्हिसा चालेल का?

हायफाँगहून
२८ जानेवारी, रात्री ९:००

नाही काकू. तुम्ही दोघींनी एकदाच प्रवेशाचा घेतलाय. कंबोडियाला बाहेर पडलात की तो संपला, परत आत येता येणार नाही. त्यासाठी अनेक वेळा प्रवेशाचा लागतो, ५० डॉलरचा, आणि कंबोडियाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. शिवाय बारा दिवसांत हनोई, दानांग, हो ची मिन्ह आणि अंकोर म्हणजे फक्त विमानतळ बघून याल. अंकोरला निवांत तीन दिवस हवेत. माझं ऐकाल तर ते दुसऱ्या खेपेला ठेवा.

ठाणे_पश्चिम_७४
२८ जानेवारी, रात्री ९:४०

मी मधल्या नावाबद्दल लिहिलं ते मागे घेतो. पुढच्या महिन्यात आईवडिलांना पाठवणार आहे. आज त्यांच्या व्हिसाचे कागद पासपोर्टच्या खालच्या ओळीशी ताडून बघितले. वडिलांचा बरोबर आहे. आईच्या नावात एक एच जास्त पडलाय. उद्याच नवा अर्ज करतो, टेटच्या आधी. पर्वतीखाली, तुम्ही ठणकावून सांगितलंत म्हणून लक्षात आलं.

कृष्णाकाठ_मिरज
४ फेब्रुवारी, सकाळी ११:१०

मंडळी, कळवायला आले. शुक्रवारी माझ्या अर्जाचं स्टेटस बदललं. 'दुरुस्ती हवी' असं आलं आणि खाली लिहिलं होतं की नाव पासपोर्टप्रमाणे लिहा. पर्वतीखाली ताई म्हणाल्या अगदी तसंच. कुठेतरी हनोईच्या कचेरीत कुणीतरी माझा पासपोर्ट समोर ठेवून दोन नावं वाचली आणि एक कमी आहे हे त्याला दिसलं. आरक्षणाच्या खिडकीवर मीही तेच करत होते, म्हणून त्या माणसाचे मनापासून आभार मानावेसे वाटतात. दुरुस्त केलं, पैसे पडले नाहीत. काल संध्याकाळी दोघींचेही व्हिसा आले. आडनाव आधी, मग माझं नाव, मग ह्यांचं. पट्टी ठेवून तपासलं. पासपोर्ट क्रमांकही तपासला.

तिकिटाबद्दल विमान कंपनीने ईमेलवर कळवलंय की मधलं नाव नसलं तरी चालेल. ती ईमेलही छापून घेतली. मार्केटात झेरॉक्सच्या दुकानात दोघींच्या दोन-दोन प्रती काढल्या, एक हातातल्या पिशवीत, एक बॅगेत. बहीण अंकोरवाट सोडायला तयार झाली, जरा नाखुशीनेच.

आता शेवटचं विचारते. हायफाँगकर, मी सनला दानांगहून कसं जायचं? आणि ते शिवलिंग बघायला मिळतं का, की कुठे संग्रहालयात हलवलंय?

हायफाँगहून
४ फेब्रुवारी, दुपारी १:३०

अभिनंदन काकू! फार बरं वाटलं.

मी सन दानांगहून साधारण ७० किलोमीटर आहे, होई आनहून ४०च्या आसपास. होई आनला मुक्काम करा आणि तिथून पहाटे निघा. मार्चमध्ये दहानंतर उन्हाचा चटका बसतो, आणि डोंगरांच्या खोलगट भागात असल्यामुळे वारा लागत नाही. तिकीट घेतल्यावर आत बॅटरीची गाडी सोडते, पुढे पायी फिरायचं. पायात चपला नकोत, बूट घाला, वाट विटांची आणि उंचसखल आहे.

तिथली मंदिरं चाम राजांनी, म्हणजे इथल्या जुन्या चंपा राज्याच्या राजांनी बांधलेली आहेत, चौथ्या शतकापासून पुढे कित्येक शतकं. लाल विटांची, आणि विटांमध्ये चुन्याचा थर दिसत नाही, इतक्या घट्ट बसलेल्या. गटांना इंग्रजी अक्षरं दिलीत. बहुतेक लोक बी, सी, डी बघून परत फिरतात, तुम्ही तसं करू नका. शिवलिंग ए गटात आहे, ए १० नावाच्या मंदिरात, जागेवरच. शेजारचं ए १ हे सगळ्यात उंच शिखर होतं, ते १९६९ मध्ये अमेरिकी बाँबहल्ल्यात पडलं. तिथे आता विटांचा ढीग दिसेल. आपल्या पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी ए, एच आणि के या तीन गटांत काम केलंय.

दानांगला चाम शिल्पांचं संग्रहालय आहे, १९१९ पासूनचं. मी सनच्या आधी ते बघा, निदान दोन तास ठेवा. म्हणजे तिथे गेल्यावर मूर्ती नसलेले कोनाडे दिसले की त्यात काय होतं ते डोळ्यांपुढे येईल.

हॉटेलमध्ये पोचल्यावर नोंदणीसाठी पासपोर्ट मागतील, देऊन लगेच परत मागून घ्या. आणि ते कात्रण प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणा, इथे मार्चमध्ये हवेत ओल फार असते.

कृष्णाकाठ_मिरज
४ फेब्रुवारी, दुपारी २:०५

ए १०. डायरीत कात्रणाच्या शेजारीच लिहून ठेवलं.